अधांतरीचा बांगडा

रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या जेटीवर कुठलीच गोष्ट जागच्या जागी राहत नाही. बर्फाची लादी टेम्पोतून उतरते, यंत्रात जाते आणि चुरा होऊन बोटीच्या खणात पडते. डिझेल पिंपातून टाकीत जातं. फाटलेलं जाळं बोटीतून धक्क्यावर येतं आणि शिवून झालं की पुन्हा बोटीत जातं. मासळी या सगळ्यांच्या उलट दिशेने निघालेली असते. खणातून क्रेटमध्ये, क्रेटमधून जमिनीवरच्या ढिगात, ढिगातून काट्यावर, काट्यावरून गाडीत. रत्नदुर्ग किल्ल्याच्या बाजूने खाली पाहिलं की प्रत्येकाच्या हातात, खांद्यावर किंवा डोक्यावर काहीतरी दिसतं. रिकाम्या हाताने उभा असलेला माणूस दिसलाच, तर तो एक तर व्यापारी असतो किंवा माझ्यासारखा उपरा.

मी प्रोग्राम लिहितो. ढगात राहणारे नव्हेत. टेबलावरच्या एका कॉम्प्युटरवर, लाइन गेली नसेल तर चालणारे. जेटीजवळच्या एका मासळी व्यापाऱ्याच्या ऑफिसात त्यासाठी माझं जाणं-येणं असतं. सगळे त्यांना चाचा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. ऑफिस म्हणजे एक खोली, एक फोन, लाल कापडात बांधलेल्या वह्या आणि खाऱ्या हवेपासून जपायला प्लॅस्टिकखाली झाकून ठेवलेला कॉम्प्युटर. चाचांच्या पुतण्याने एकदा मोबाइलमधले फोटो माउसने ओढून फोल्डरमध्ये टाकले आणि चाचांनी ते पाहिलं. तिथून पुढे त्यांना काय हवं होतं ते पक्कं ठरलं. डाव्या बाजूला आज लागलेल्या बोटी आणि त्यांच्याखाली ज्याचा त्याचा माल. उजव्या बाजूला भरायच्या गाड्या : कोल्हापूरची, गोव्याची, मुंबईची.

"माल उचलायचा, गाडीवर सोडायचा. बस," चाचा म्हणाले. "लिहायचं नाय, बाबा. इथे हात ओले असतात."

इतकी नेमकी मागणी मला जाडजूड कागदपत्रांतही कधी वाचायला मिळालेली नाही. उचलायचं आणि सोडायचं. प्रोग्रामरचं बरंचसं आयुष्य या दोन क्रियापदांच्या मधल्या जागेत जातं, हे चाचांना समजावण्याची गरज नव्हती. त्यांचंही तिथेच जातं.

खरं तर माउसला ओढायची सवय जन्मापासून नव्हती. डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये भर सभेत माउस दाखवला, तेव्हा त्याचं काम बोट दाखवण्याचं होतं. बिल इंग्लिश यांनी त्याआधी काही वर्षं त्याचा पहिला नमुना घडवला होता, तो लाकडी खोक्याचा. पुढे १९८१ मध्ये झेरॉक्सचा 'स्टार' नावाचा कॉम्प्युटर आला. त्याच्या पडद्यावर फाइली, फोल्डर, टपालाच्या पेट्या सगळं चित्ररूपात होतं, पण ते ओढता येत नसे. वस्तूवर क्लिक करायचं, कीबोर्डवरचं 'मूव्ह' नावाचं बटण दाबायचं, मग जागा दाखवायची. म्हणजे व्यापाऱ्याने ढिगाकडे बोट करायचं, 'उचल' म्हणायचं आणि गाडीकडे बोट करायचं. मधली हमाली यंत्राची. मला ही पद्धत फार सभ्य वाटते आणि मिरकरवाड्याला तर ती अगदी सवयीची आहे.

माणसाच्याच हातात माल द्यायची कल्पना पसरली ती अॅपलकडून. बटण दाबून धरायचं आणि धरल्या धरल्या सरकवायचं, या युक्तीचं श्रेय अॅपलमधले जेफ रास्किन स्वतःकडे घेत असत. १९८३ चा 'लिसा' आणि जानेवारी १९८४ चा 'मॅकिंटॉश' यांच्या माउसला एकच बटण होतं. एका बटणातून जास्तीत जास्त अर्थ काढायचा तर दाबणं वेगळं आणि दाबून धरणं वेगळं, असा भेद करावाच लागणार. त्यातून एक विनोदही जन्माला आला. मॅकिंटॉशमधून फ्लॉपी बाहेर काढायची असेल तर तिचं चित्र उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकायचं. डबा ती पुसत नसे, अदबीने बाहेर काढून देत असे. पण वर्षभराचं काम असलेली फ्लॉपी कचराकुंडीवर नेऊन सोडताना किती जणांच्या छातीत धस्स झालं असेल, त्याची नोंद कुठे नाही.

आपल्याकडे ही विद्या आली ती पत्त्यांतून. १९९० साली विंडोज ३.० बरोबर सॉलिटेअर आलं. वेस चेरी नावाच्या शिकाऊ उमेदवाराने ते लिहिलं होतं आणि सुझन केअर यांनी पत्ते रंगवले होते. लाल नव्वी काळ्या दश्शीवर नेऊन ठेवता ठेवता लोकांना माउस ओढायला आपोआप यावं, हाही त्यामागे हेतू होता असं सांगतात. हेतू असो वा नसो, महाराष्ट्रातल्या कितीतरी कार्यालयांनी हे शिक्षण अत्यंत निष्ठेने, कामाच्या वेळेत, सरकारी विजेवर पूर्ण केलं. पुढे एमएस-सीआयटीच्या वर्गांत फोल्डर इकडून तिकडे न्यायचा धडा रीतसर आला, तेव्हा साहेबवर्ग आधीच उत्तीर्ण झालेला होता.

आता उचलण्याकडे येऊ. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, बटण दाबलं म्हणजे माल उचलला. यंत्राला तसं म्हणता येत नाही. बटण दाबलं त्या क्षणी समोरच्या माणसाच्या मनात काय आहे, हे त्याला कळलेलं नसतं. तो नुसतं निवडणार आहे, दोनदा टिचकी मारून उघडणार आहे, की खरंच उचलून नेणार आहे? म्हणून यंत्र वाट पाहतं. बटण दाबलेलं असताना कर्सर मूळ जागेपासून थोडासा सरकला, तरच ते 'उचललं' असं धरतं. विंडोजमध्ये हे 'थोडंसं' म्हणजे साधारण ४ पिक्सेल. 'क्यूट' नावाच्या प्रोग्रामिंगच्या साधनात मूळचं माप १० पिक्सेलचं आहे. माणसाचा हात क्लिक करतानाही किंचित हलतो, हे ज्या कोणाला प्रथम सुचलं असेल त्याच्याविषयी मला आदर आहे. हे माप नसतं, तर नुसतं बोट लावलेली प्रत्येक वस्तू आपल्या मागोमाग चालू लागली असती.

पण ४ पिक्सेल हे माप टेबलाशी बसणाऱ्या हाताचं आहे. चाचांकडे हिशेब लिहिणारे काका तरुणपणी बोटीवर होते. दोर ओढून, जाळं खेचून त्यांच्या बोटांची पेरं अशी झाली आहेत की माउस त्या मुठीत दिसेनासा होतो. ते क्लिक करतात तेव्हा माउसबरोबर टेबलही थोडं सरकतं. त्यांनी पापलेटची नोंद नुसती पाहायला जावं आणि पापलेट उचललं जावं, असं होऊ लागलं. पुतण्या म्हणाला, काकांचा हात कापतो. मला तसं वाटत नाही. त्यांचा हात मोठ्या मापांचा आहे. समुद्रात चार पिक्सेल हलल्याची दखल घेणारा माणूस तांडेल होत नाही. सुदैवाने विंडोजमध्ये हे माप बदलता येतं. ते वाढवलं आणि पापलेट जागेवर राहू लागलं.

उचलल्यावर प्रवास सुरू होतो आणि इथे खरी गंमत आहे. पडद्यावर आपल्याला दिसतं की बांगड्याची चौकट डावीकडून निघाली, कर्सरला लटकली आणि उजवीकडे चालली. प्रत्यक्षात ती कुठेही चाललेली नसते. बांगडा आपल्या मूळ बोटीच्या यादीत निवांत असतो. सरकतं ते नुसतं फिकट चित्र. त्याच्यासोबत एक पोतडी असते आणि तिच्यावर फक्त आत काय काय मिळू शकेल याची यादी असते : हवा असेल तर मजकूर, हवी असेल तर फाइल, हवं असेल तर चित्र. आतला माल बहुतेकदा भरलेलाच नसतो. घेणाऱ्याने 'दे' म्हटलं की मगच तो भरून द्यायचा, अशी सोय १९९३ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टने बसवली आणि ती आजतागायत चालू आहे. तीस वर्षं जग रिकाम्या पोतड्या ओढत आहे आणि कोणाची तक्रार नाही.

हे चाचांना सांगितलं तर त्यांना काही नवल वाटलं नाही. लिलावात तरी काय होतं? ढीग जमिनीवर असतो, बोली हवेत असते. कोणी बोट वर करतो, कोणी भुवई. बोली सुटली म्हणजे माल घेणाऱ्याचा झाला हे सगळ्यांनी मान्य केलं, पण मासा तसूभरही हललेला नसतो. वजन पुढे, पैसे त्याच्याही पुढे, काही पैसे तर पुढच्या हंगामात. त्या वेळेपुरता फिरतो तो शब्द.

पडद्यावरचं फिकट चित्र कोणत्याही जागेवरून सरकू लागलं की त्या जागेला विचारणा होते. कर्सर आत शिरला की 'ड्रॅगएंटर', वर रेंगाळत राहिला की 'ड्रॅगओव्हर', बाहेर पडला की 'ड्रॅगलीव्ह'. या सूचना पावसासारख्या कोसळतात. कर्सर हलला नाही तरी ड्रॅगओव्हर येतच राहतो. प्रत्येक वेळी त्या जागेने उत्तर द्यायचं असतं : घेतो, प्रत घेतो, नुसता दुवा घेतो, किंवा घेत नाही. आणि यातला 'घेत नाही' हाच मूळ स्वभाव आहे. मायक्रोसॉफ्टच्या 'डॉटनेट'वर बनवलेल्या खिडक्यांत तर दोनदा होकार भरावा लागतो. आधी त्या जागेचा 'अलाउड्रॉप' चालू करायचा, मग प्रत्येक पाहुण्यागणिक ड्रॅगएंटरमध्ये पुन्हा हो म्हणायचं. पहिला होकार देऊन दुसरा विसरलात, तर सोडलेला माल घेतलाच जात नाही. 'ड्रॉप' ही घटना घडतच नाही. चूक झाल्याचा संदेश येत नाही, घंटी वाजत नाही. कर्सरच्या जागी तिरकी रेघ मारलेलं वर्तुळ येतं आणि बटण सोडलं की सगळं होतं तसं. या क्षेत्रात नवा आलेला माणूस हमखास इथे संध्याकाळ घालवतो. उचलण्याचा कोड तो दहादा तपासतो. उचलणं बरोबरच असतं. समोरून कोणी हो म्हटलेलं नसतं.

मला हे रेघवालं वर्तुळ नेहमी थोडं उद्धट वाटतं. नकार देतं, कारण सांगत नाही. काकांनी एकदा भरलेल्या गाडीवर सुरमई सोडायचा प्रयत्न चालवला होता. वर्तुळ येई, सुरमई परत जाई, काका पुन्हा उचलत. त्यांना वाटलं माउस बिघडला. जेटीवर असं कधी होत नाही. भरलेल्या गाडीत क्रेट टाकायला जाऊन पाहा; ड्रायव्हर, क्लीनर आणि बाजूच्या गाडीचाही ड्रायव्हर नकाराचं कारण, तुमच्या डोळ्यांची अवस्था आणि तुमच्या खानदानाची थोडक्यात माहिती एका दमात सांगतात. नकार म्हणून तो जास्त उपयोगी. त्यावरून आता पडद्यावरही गाडीवर 'भरली' अशी पाटी येते, बर्फ कमी असेल तर 'बर्फ नाही' अशी येते. खानदानाचा भाग मी गाळला आहे.

उचलणारा प्रोग्राम या प्रवासात काय करतो? काहीच नाही. विंडोजमध्ये ओढायला सुरुवात करणारी आज्ञा आहे 'डूड्रॅगड्रॉप'. ती दिली की प्रोग्रामचा तो धागा तिथेच थांबतो. माल पोहोचेपर्यंत किंवा माणसाने एस्केप दाबून बेत रद्द करेपर्यंत आज्ञा परतत नाही. सुटलेल्या बटणाची वेगळी वर्दीही मूळ खिडकीला मिळत नाही; मिळतो तो थेट निकाल. बोटमालकाचंही असंच आहे. माल काट्याकडे गेला की तो धक्क्यावर बिडी पेटवून, पुढे काय झालं ते कोणीतरी येऊन सांगेपर्यंत बसून राहतो. फरक इतकाच की त्याला एस्केपचं बटण नाही. बर्फातून काढलेली मासळी 'राहू दे, नाही विकायची' म्हणून खणात परत घालता येते, पण मधल्या उन्हात गेलेला भाव परत येत नाही.

कोणी ही तयार आज्ञा न वापरता ओढण्याची सगळी व्यवस्था स्वतःच हाताने लिहायला घेतली, तर त्याला आणखी एक धडा मिळतो. बटण आपल्या खिडकीत दाबलं आणि माणसाने कर्सर खिडकीबाहेर नेऊन तिथे सोडलं, तर आपल्याला त्याचा पत्ताच लागत नाही. आपण समजतो, अजून धरलंच आहे. कर्सर परत आत आला की वस्तू त्याला चिकटून फिरू लागते, बटण सोडलेलं असूनही. यावर उपाय म्हणजे बटण दाबताक्षणी माउस 'पकडून' ठेवायचा : तो पडद्यावर कुठेही गेला तरी त्याच्या हालचालीची वर्दी आपल्यालाच द्यायची, अशी सूचना द्यायची. सुटल्यावर पकड सोडायची. धरणं जितकं महत्त्वाचं तितकंच कोणी कधी सोडलं हे कळणं महत्त्वाचं, ही गोष्ट खलाशांना दोर हाती घेतल्यापासून माहीत असते. दोन टोकांना दोघे असले की 'सोड' ही हाक पहिली पोहोचायला हवी.

आता माल गाडीवर आला आणि बटण सुटलं. इथे आमची आणि जेटीची वाट वेगळी होते.

पडद्यावरचं 'हलवणं' हे खरं हलवणं नसतं. घेणारी बाजू आधी आपल्याकडे प्रत करून घेते. मग उचलणाऱ्या बाजूला निकाल कळतो की 'हलवलं'. मग उचलणाऱ्याने प्रामाणिकपणे आपल्याकडची मूळ वस्तू पुसून टाकायची. म्हणजे मध्ये एक क्षण असा असतो की बांगडा बोटीतही आहे आणि गाडीतही आहे. पुसणारा विसरला, तर तो क्षण कायमचा होतो. कंट्रोलचं बटण दाबून ओढलं, तर हा चमत्कार मुद्दामच घडवता येतो : माल जातो आणि राहतोही. पुतण्याच्या हातून तो घडला. चाळीस क्रेट बांगडा कोल्हापूरच्या गाडीत गेला आणि बोटीखालीही तसाच चाळीस दिसत राहिला. चाचांनी चष्मा लावून पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "हे बटण बोटीवर बसवून दे. वाटेल ते पैसे घे."

कंट्रोलची ती सोय मी त्या प्रोग्राममध्ये बंद करून टाकली. फोटोची प्रत निघते, पत्राची निघते. बांगड्याची निघत नाही. विंडोजने स्वतः याबाबत जो नियम ठेवला आहे तो तर आणखी मजेशीर. एकाच डिस्कवर फाइल ओढली तर ती हलते, दुसऱ्या डिस्कवर ओढली तर प्रत होते. शिफ्ट दाबलं तर सक्तीने हलवणं, कंट्रोल दाबलं तर सक्तीने प्रत, ऑल्ट दाबलं तर नुसता शॉर्टकट. आणि उजव्या बटणाने ओढलं तर शेवटी विचारतं, तुम्हाला नेमकं काय म्हणायचं होतं? तोच हात, तीच हालचाल, आणि अर्थ कितीतरी. पेनड्राइव्हवर फाइल 'हलवली' अशा समजुतीत असलेल्या माणसांच्या कॉम्प्युटरमध्ये म्हणूनच प्रत्येक गोष्ट दोनदा असते आणि नेमकी हवी ती आवृत्ती पेनड्राइव्हबरोबर हरवते.

जेटीवर उलटं आहे. मासळीच्या प्रवासात असा क्षण येतो की ती बोटीतही नसते आणि गाडीतही नसते. खणातून वर आलेलं क्रेट एका खलाशाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातं तेव्हा खाली बोट आणि धक्का यांच्यामधली पाण्याची फट असते. दापोलीजवळच्या हर्णै बंदरात तर ही फट फार रुंद आहे. तिथे बोटी किनाऱ्यापासून लांब पाण्यात उभ्या राहतात आणि त्यांचा माल वाळूवर आणायला बैलगाड्या समुद्रात उतरतात. गुडघाभर लाटेत उभ्या असलेल्या बैलगाडीतली सुरमई त्या घटकेला कोणाच्या वहीत असते? मिरकरवाड्यात ती वेळ छोटी असली तरी तेवढ्यात दावेदार कमी नसतात. मांजरं असतात, बगळे असतात, वर घारी घिरट्या घालत असतात. घारीचा अलाउड्रॉप कायम चालू. तिला ड्रॅगएंटरची विचारणा लागत नाही. या मधल्या काळातली घट वहीत वेगळी लिहायची रीत नाही. ती वजनातच जाते, आणि काटा बघणारे काका तेवढ्यापुरते डोळे मिटतात.

मला वाटतं, माणसाच्या बहुतेक काळज्या या मधल्या जागेतल्या असतात. यंत्राने ती जागा चतुराईने भरून काढली : मूळ वस्तू सोडायचीच नाही, पलीकडे पोहोचल्याची खात्री झाली की मग पुसायची. म्हणून एस्केप दाबता येतो. सजीव, नाशवंत, वजनदार वस्तूंना ही चैन नाही. त्या निघाल्या की निघाल्या. त्यांच्यासाठी माणसांनी जी व्यवस्था केली तिला कोडची गरज नव्हती. बर्फ, शब्द आणि उधारी एवढ्यावर ती चालली.

ओढणं सगळ्यांना जमावं असा हट्टही धरू नये. १९९१ साली मॅकेन्झी, सेलेन आणि बक्स्टन या संशोधकांनी माउस, टॅब्लेट आणि ट्रॅकबॉल घेऊन माणसांना नुसतं दाखवायला लावलं आणि मग ओढायला लावलं. तिन्ही साधनांवर ओढणं जास्त सावकाश झालं आणि चुकाही जास्त झाल्या. बटण दाबून ठेवायचं आणि त्याच वेळी हात नेमका न्यायचा, हे दोन स्नायूंना परस्परविरोधी हुकूम देणं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या वेबच्या सुलभतेच्या नियमावलीत, म्हणजे 'डब्ल्यूसीएजी २.२'मध्ये, त्यासाठी एक कलमच आहे : जे काम ओढून होतं, ते न ओढता, साध्या टिचकीनेही करता आलं पाहिजे. नियम वेबपानांसाठी आहे, पण काकांसाठीही तो चपखल बसतो. आता ते मालावर क्लिक करतात, गाडीवर क्लिक करतात आणि 'पाठव' दाबतात. झेरॉक्सच्या स्टारची १९८१ ची पद्धत मिरकरवाड्यात सुखाने नांदते आहे. पुतण्या मात्र ओढूनच पाठवतो. एकाच खोलीत दोन पिढ्या, दोन रीती आणि बेरीज एक.

सोय किती सवयीची होते हे ती गेल्यावर कळतं. २०२१ मध्ये विंडोज ११ आलं तेव्हा खालच्या टास्कबारवर फाइल ओढून नेण्याची जुनी सोय त्यात नव्हती. जगभर लोक फाइल हातात धरून तळाशी जात आणि रेघेचं वर्तुळ पाहून परत येत. पुढच्या वर्षीच्या सुधारणेत ती सोय परत आली. दुसरी एक अडवणूक मात्र मुद्दाम केलेली आहे आणि व्हिस्टापासून टिकून आहे. एखादा प्रोग्राम 'अॅडमिनिस्ट्रेटर' म्हणून चालवला असेल, तर साध्या हैसियतीच्या खिडकीतून ओढून आणलेली फाइल तो घेत नाही. सुरक्षेसाठी ते योग्यच आहे. खालच्याने वरच्याच्या हातात काहीही ठेवावं आणि वरच्याने ते उघडावं, यात धोका असतो. पण लोक आपला कोड तपासत बसतात. त्यांना वाटतं आपलं उचलणं चुकलं.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी वर ओढलेल्या, ताडपत्रीखाली. प्रोग्रामचा डावा रकाना रिकामा, उजवाही रिकामा. चाचांनी एका पावसाळी दुपारी मला विचारलं, "बाबा, हे सगळं करताना आधी काय लिहितोस? उचलायचं की सोडायचं?" मी म्हटलं, साहजिकच उचलायचं. त्यांनी मान हलवली. "आम्ही आधी गाडीवाल्याला फोन करतो. जागा आहे का, बर्फ आहे का, कोल्हापुरात उद्या उठाव आहे का. तो हो म्हणाला की मग बोलीला उभे राहतो. माल काय, बोटीत आहेच."

यात त्यांना काही मोठं सांगायचं नव्हतं. धंद्याची रीत सांगितली. पण तेव्हापासून कुठल्याही नव्या खिडकीत ओढाओढी बसवायची असेल, तर मी आधी घेणारी बाजू लिहितो. ती काय काय घेईल, किती घेईल, केव्हा नाही म्हणेल आणि नाही म्हणताना कारण काय सांगेल. हे नीट लिहून झालं की उचलण्याचा कोड चार ओळींत होतो. त्याची कधी चिंता नसते. उचलायला लोक नेहमी तयारच असतात.